वाफेचा इलाज आणि जळलेलं आधण

कोल्हापूर, मोनाच्या घरून
२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

प्रिय पिराजी,

मी तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, तेव्हा रीतीनं मी तुला आशीर्वाद लिहायचा. पण या खेपेला हात धजत नाही, म्हणून नमस्कारच लिहितो. राधानगरीला पाऊस अजून धरून असेल. तुझी म्हैस व्याली का? तुझ्या कारभारणीचा, चिमणाबाईचा, गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल. तुझी आक्का तर इतकी खुशाल की दिवसातून दोनदा माझ्यावर खेकसल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

जानेवारीत तू माझ्या गुऱ्हाळावरून उठून गेलास, त्याला आठ महिने होतील. तेवढ्यात पंधरा-वीस फोन केले असतील मी. तू उचलले नाहीस, बरंच केलंस. उचलला असतास तर पावसापाण्याचं बोलून मीच ठेवून दिला असता. शिवाय लेकीच्या घरी भिंतीपलीकडे तिच्या सासूबाई, आणि विषय लघवीचा. हसू नकोस.

तर पहिली बातमी. वीस ऑगस्टला तुझ्या दाजीच्या प्रोस्टेटवर इलाज झाला. पोट फाडलं नाही, टाका घातला नाही. वाफेनं केला. खरंच सांगतो, वाफेनं. पंचेचाळीस वर्षं उसाच्या रसाच्या काहिलीशेजारी वाफ खाल्लेल्या गुळव्याला इलाजही वाफेचाच मिळावा, हे तुझ्या आक्काला अजून खरं वाटत नाही.

फेब्रुवारीत तिनं मला ओढतच दवाखान्यात नेलं. मी म्हणत होतो, वय झालं की होतंच असं, गोखरूचा काढा घेतो. दारावरची पाटी वाचून तर मी परत फिरलो होतो. डॉक्टर अवंतिका. बाईमाणसाला हे कसलं दुखणं सांगायचं? आक्का जिन्यातच गरजली, "मी बी बाईच हाय की! मला चाळीस वर्सं सांगतासा, तिला सांगाय काय हुतंय?" जिन्यातली सगळी माणसं बघायला लागली, मग आत जाणंच शहाणपणाचं होतं.

डॉक्टरीणबाई आमच्या मोनापेक्षा लहान दिसते, पण धीराची. धार बारीक झालीय का, थांबून थांबून होते का, रात्री किती वेळा उठता? मी म्हणालो, दोनदा. आक्का म्हणाली, "पाच येळा. मी बी जागीच असती." रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. कॅन्सर नाही हे कळलं तेव्हा आक्कानं तिथंच अंबाबाईला हात जोडले. पण गाठ वाढली होती, आणि लघवी करून आलो तरी पेलाभर आत शिल्लकच राहत होती. हे असंच चाललं तर एक दिवस साफ तुंबेल, मूत्रपिंडांवर येईल, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

पाच महिने गोळ्या खाल्ल्या. धार थोडी सुधारली, पण उठलो की गरगरायचं. उकळत्या काहिलीच्या काठाला गरगरणारा गुळव्या काय कामाचा? मग तिनं कागदावर चित्र काढून पुढच्या वाटा सांगितल्या. एक म्हणजे दुर्बिणीतून किंवा लेझरनं आतली वाढ काढून टाकायची. ते जास्त खात्रीचं, पण दवाखान्यात राहणं आलं, रक्त जाण्याची भीती जास्त, आणि नवराबायकोच्या बाबतीतही थोडा फरक पडू शकतो. हे ऐकून तुझी आक्का भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

दुसरी वाट वाफेची. दुर्बिणीतूनच सुई घालून वाढलेल्या भागात वाफ सोडायची, मग तो भाग हळूहळू आक्रसतो. संध्याकाळी घरी. पण बाईनं काही झाकून ठेवलं नाही. गुण लगेच येत नाही, दीड-दोन महिने धीर धरावा लागतो. काही दिवस नळी राहते, जळजळ होते, कुणाकुणाला काही वर्षांनी परत करावं लागतं. सगळ्यांना हा इलाज चालतही नाही, माझ्या गाठीचा आकार त्यात बसत होता एवढंच.

मी विचारलं, "वाफ किती वेळ सोडता?" म्हणाली, एका जागी नऊ सेकंद. "आणि दहावा झाला तर?" ती हसली. "होत नाही काका. यंत्र आपोआप थांबतं."

दहाव्याचं विचारलं म्हणून आक्काला वाटलं, मी घाबरलो. मला आपलं काहिलीखालचं चुलवाण आठवलं होतं, जिथं काही आपोआप थांबत नाही.

दोन दिवस विचार केला आणि वाफेचं नक्की केलं. पाच दिवस नळी होती. लघवीच्या पिशवीला मोनानं जुन्या साडीचं झोळणं शिवलं, म्हणजे मला चारचौघांत लाज वाटायला नको. ज्या लेकीला अंगाखांद्यावर खेळवलं तिनं बापाची ती पिशवी रिकामी केली, एक दिवस तोंड वाकडं केलं नाही. नळी काढल्यावर आठवडाभर लघवी म्हणजे मिरचीचं पाणी वाटायची, तेव्हा वाटलं, फसलो. पण गणपती गेले आणि एका सकाळी धार अशी आली की मी आतूनच आक्काला हाक मारली. आता रात्री एकदा उठतो. बाकीची रात्र झोपतो, पिराजी. झोप म्हणजे काय असते ते मी विसरलोच होतो.

ज्यांचे उपकार मानायचे त्यांत डॉक्टरीणबाई आहे, मोना आहे, आक्का आहे. पण सगळ्यांत वर तू आहेस, हे मला महिन्यापूर्वीच कळलं.

नळी होती तेव्हाची गोष्ट. पडल्या पडल्या मी आक्काला सहज विचारलं, तुला फेब्रुवारीत एकाएकी दवाखाना कसा सुचला गं? ती आधी टाळायला लागली. मग म्हणाली, "मला कुठलं सुचतंय! पिराजीनं फोन केल्ता. म्हणला, आक्का, त्या म्हाताऱ्याला दवाखान्यात ने. उसाच्या ढिगामागं जाऊन धा-धा मिंटं उभा ऱ्हातोय, भाईर थेंब येत न्हाय. मी सांगितलं म्हणून सांगू नगंस, तुला माझी शपथ हाय." मी विचारलं, कधी आला होता फोन? तर म्हणे, तू गेलास त्याच्या चौथ्या दिवशी.

चौथ्या दिवशी! मी तुला चार लोकांत नाही नाही ते बोललो, त्याच्या चौथ्या दिवशी तुला माझ्या मरणाची काळजी.

म्हणजे मी कुठं गेलो होतो ते तू ओळखलं होतंस. त्या दिवशी गणपतरावांच्या उसाच्या रसाचं आधण काहिलीत होतं आणि पाक उतरायला आला होता. तू खाली चुलवाणाच्या तोंडाशी, तुला काहील दिसत नाही. मी वरून "बास" म्हणायचं आणि तू जाळ ओढायचा, बावीस हंगाम हेच चालत आलं. त्या घटकेला मी काहिलीजवळ नव्हतोच. ढिगामागं उभा होतो, भिंतीला कपाळ टेकून, थेंबाथेंबाची वाट बघत. परत आलो तेव्हा वास सुटला होता आणि सगळा पाक काळा पडला होता. समोर गणपतराव.

लघवीला गेलो होतो, एवढं म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण माझी जीभ वळली नाही. गुळव्या ऐन वेळी काहील सोडून गेला म्हणजे संपलाच, आणि कशासाठी गेला ते सांगायची तर त्याहून लाज. म्हणून मी म्हणालो, "मी हाक मारलीवती की! ह्याला ऐकूच येत न्हाय आताशा."

तू वर आलास, माझ्याकडं बघितलंस, टॉवेल झटकलास आणि गेलास. मी हाक मारलीच नव्हती, पिराजी. हे वाक्य लिहायला मला आठ महिने लागले.

पुढचं मला हळूहळू कळत गेलं. गणपतरावांनी चार ठिकाणी सांगितलं की पिराजीचे कान गेले. चुलवाणावर बहिरा माणूस कोण ठेवील? दोन गुऱ्हाळांनी तुला परत पाठवलं, आणि तू आता डेअरीवर दुधाचे कॅन टेम्पोत चढवतोस. जाळाची तुझ्याएवढी समज असलेला माणूस या पट्ट्यात दुसरा नाही, हे मला माहीत असून मी गप्प राहिलो. आणि तू माझं दुखणं बहिणीच्या कानावर घालून मोकळा झालास, तेही तुझं नाव मला कळू न देता.

काल गणपतरावांच्या घरी गेलो होतो. बाहेरच्या सोप्यात पाच-सहा माणसं बसली होती. त्यांच्यादेखत सांगितलं, ढिगामागचं, लघवीचं, सगळं. गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्ञानू, आठ म्हैनं तोंड शिवलं हुतं काय रं तुझं?" मी म्हणालो, "व्हय." यापेक्षा खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मग त्यांनी तुला परत पाठवणाऱ्या दोन्ही गुऱ्हाळांना फोन लावले आणि फोन माझ्या हातात दिला. दोघांनाही मी माझ्या तोंडानं सांगितलं.

तेव्हा तुला दोन अनोळखी नंबर येतील, ते तरी उचल. हंगामाला मागतील तुला, माझ्यापेक्षा मोठी गुऱ्हाळं आहेत. खुशाल जा. माझ्याकडेच ये म्हणायचा हक्क मी त्या दिवशी घालवला. माझं चुलवाण दसऱ्यानंतर पेटेल, त्याच्या तोंडाशी बसवायला मी अजून दुसरा माणूस ठेवलेला नाही, एवढंच कळवतो.

आणि कामाला यायचं नसेल तरी एकदा ये. त्या दिवशी जे बोलला नाहीस ते चारचौघांत माझ्या तोंडावर बोल. घटका लागो, दोन घटका लागोत, मी समोर उभा राहून सगळं ऐकून घेईन. मधेच उठून जायला आता मला काही निमित्त राहिलेलं नाही.

तुझा गुन्हेगार, आणि तू म्हणशील तर अजूनही तुझा दाजी,
ज्ञानू