अळीच्या कोषातून निघालं ते

५ सप्टें.
परसातल्या तीन वांग्यांच्या शेंड्यांनी माना टाकल्या. पाणी कमी पडलं म्हणावं तर काल दिवसभर पाऊस. एक शेंडा मोडून नखाने चिरला. आत अळी, तांदळाच्या दाण्याएवढी. दांडा पोखरत खाली चालली होती. आत शिरली कशी?

६ सप्टें.
एकेक झाड पाहिलं. बारापैकी आठांना लागलीय. शेंडे कापून चुलीत घातले. ही वांगी माझ्या आईची, वेल्ह्याकडची. हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा. आई गेल्यावर माहेरी कुणी लावली नाहीत. पुडीत होतं तेवढं बी टाकलं, बारा रोपं जगली. आता दुसरं बी नाही.

९ सप्टें.
धाकटी जाऊ मंगल बांधावरून म्हणाली, "आक्का, दोन फवारं मारा. अळीचं नाव ऱ्हायचं न्हाई. आमची वांगी बघा की." तिची वांगी खरंच चकचकीत. हे ओट्यावर बसले होते. उठून आत गेले.
दोन वर्षांपूर्वी टोमॅटोवर औषध मारताना हे सरीतच पडले. तोंडाला फेस. भोरला दवाखान्यात चार दिवस. तेव्हापासून शेत मंगलचा नवरा सदा बघतो. हे कुठल्या झाडापाशी जात नाहीत, त्या दिवसाचं बोलत नाहीत. परसात औषध आणायचं नाही, हे मीच ठरवलंय. पण मग करायचं काय, ते…

१४ सप्टें.
बियासाठी राखलेलं वांगं गेलं. देठाजवळ भोक, भोकाशी भुशासारखी घाण. चिरलं तर आत गुलाबीसर अळी, चांगली पेराएवढी. बी सगळं नासलेलं. डोळ्यात पाणी आलं. तरी बघत बसले. पन्नाशी आली, किती वांगी चिरली. अळी दिसली की फेकली. तिचं पुढं काय होतं हे कधी पाहिलंच नाही.
ही आणि शेंड्यांतल्या मिळून पाच अळ्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत. खाली वाळका पाला, खायला वांग्याच्या फोडी, तोंडाला धोतराचं फडकं.

१६ सप्टें.
हे : "काय पाळलंयस हे?"
"अळ्या."
"कशाला?"
"बघायला."
बरणी हातात घेतली, फिरवून पाहिली, ठेवली. एवढंच.

१९ सप्टें.
अळ्यांचं खाणं बंद. पाल्यात मळकट कोष करून बसल्यात. म्हणजे झाडाखालीही पाचोळ्यातच बसत असणार. सगळा पाचोळा झाडून काढला. मंगल हसली, "परसाला पण झाडू लागला व्हय आता?"

२६ सप्टें.
पहिला पतंग. नखाएवढा. पांढरे पंख, त्यावर तपकिरी नक्षी. इतका देखणा असेल असं वाटलं नव्हतं. मारताना हात अडखळला. मारला.

२७ सप्टें.
सकाळी यांची हाक. "अगं, हिकडं ये. ह्यो पतंग न्हाई." बरणी उन्हाकडे धरून उभे. दुसऱ्या कोषातून भलतंच काही निघालेलं. बारीक, तांबूस, कंबर दोऱ्यासारखी, लांब मिशा.
"गांधीलमाशीच्या जातीची दिसती. पण आत गेली कुठनं?"
दोघांनी फडकं तपासलं. कुठं भोक नाही. हे चष्मा घेऊन आले. चहा गार झाला.

२८ सप्टें.
शेतकी खात्यातल्या बाईंना फोटो पाठवला. त्यांचा फोन. ही माशी जिवंत अळीच्या अंगात अंडं घालते. तिचं पिल्लू अळीला आतून खाऊन वाढतं. म्हणाल्या, "औषध मारलं की अळीच्या आधी ह्या माश्याच मरतात." मी अळीवाले शेंडे जाळत होते. त्यात ह्या किती गेल्या असतील?
यांना सांगितलं. बरणी पुन्हा उन्हाकडे धरली. मग, "अळीला कळत आसंल का गं, आत कोन हाय ते?"

१ ऑक्टो.
कापलेले शेंडे आता बादलीत टाकते. तोंडाला अशी जाळी हवी की माशी निघून जावी, पतंग आत राहावा. जाळी शोधायचं काम यांनी घेतलं. कांद्याच्या पिशवीची फार मोठी. जुनी मच्छरदाणी ताणून बांधली. दोन वर्षांत यांनी हाताने केलेलं पहिलं काम.

१२ ऑक्टो.
बादलीत दोन मेलेले पतंग. माशी एकही नाही. निघून गेल्या की नव्हत्याच, कळायला मार्ग नाही. शेंडे कमी वाळतायत, की मलाच तसं वाटतंय? नव्या वांग्यांत चार निकोप, तीन किडकी.

१३ ऑक्टो.
मंगल सांगून गेली, सदा उद्या सकाळी फवारणार. वारा तिकडून आमच्या परसात येतो. मी विचार करत होते काय बोलावं. तोवर हे चपला घालून बांध ओलांडून गेलेसुद्धा.
जास्वंदीच्या आडून ऐकू येतंय. "सदा, बस जरा. त्या दिवशी काय झालं, सांगतो. आदी डोळ्याम्होरं अंधारी आली. मग हात माझं ऐकंना…"
मलाही हे कधी सांगितलं नव्हतं.
सदा काही म्हणाला, ते नीट कळलं नाही. ह्यांचं बोलणं अजून चाललंय.