सरावापुरता बाप

श्रीवर्धन,
मंगळवार

आदरणीय दिनानाथमामा यांस,

तुमच्या ऋत्विकचा वाकून नमस्कार. इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत (माझी सोडून; तिचे खाली येईलच). तुमचा गुडघा आता आगरदांड्याच्या जेटीची उतरण सोसतो का, ते कळवावे. मामींना नमस्कार, मोरूला गोड पापा.

चौलहून तुम्हांला फोन आला असेलच. राहीच्या वडिलांनी आमचा साखरपुडा थांबवला आहे. स्थळ तुम्ही आणलेले, म्हणून घडले ते पहिल्यापासून लिहितो.

आमच्या लॅबला, पनवेलच्या मुख्य लॅबसकट, कोर्टाच्या हुकमाने होणाऱ्या पितृत्व चाचण्यांची मान्यता हवी आहे. नमुने आम्ही श्रीवर्धनला घ्यायचे, तपासणी पनवेलने करायची. मला वाटले होते, मान्यता म्हणजे अर्ज, फी आणि भिंतीवर एक फ्रेम. तसे मुळीच नाही. यंत्र बरोबर मोजते याचा दाखला लागतो, आणि तो दाखला देणाऱ्यालाही दाखला लागतो (त्याला कोण देतो, असे मी विचारले, तर लॅबच्या डॉक्टरांनी मला फ्रीजचे तापमान लिहायला पिटाळले). बाहेरून अनोळखी नमुने येतात, त्यांची उत्तरे पाठवणाऱ्यालाच ठाऊक. आपले चुकले की बसा. या सर्वांवर दोनशे दहा पानांची कार्यपुस्तिका. लिहिले आहे तेच करावे आणि केले ते लिहावे, एवढेच तिचे म्हणणे. मामा, बारावीला शाळा सोडलेल्या मला आयुष्यात प्रथमच एखादे पुस्तक पटले, आणि त्यानेच मला असे गोत्यात आणावे!

परीक्षक यायच्या आधी एक पूर्ण सराव करून फाइल तयार ठेवा, असा पनवेलहून निरोप आला. त्याला आई, मूल आणि ‘कथित पिता’ असे तिघे लागतात. आता आमच्या गावात या कामाला कोण येणार? डॉक्टरांनी ज्यांना ज्यांना विचारले ते लॅबसमोरून जायचे बंद झाले. शेवटी आमच्या नर्स पूनमताई आपले आठ महिन्यांचे बाळ घेऊन बसल्या. त्यांचा नवरा जहाजावर. राहिलो मी.

मी सर्व नियमाने केले. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून माझा नमुना मीच घेतला. माझे आधार कार्ड मीच मागितले आणि आरशात पाहून फोटोशी ताडले (तितकासा जुळत नव्हता, तशी नोंद केली). तिघांचा एकत्र फोटो काढवला, पाकीट मोहोरबंद केले. फॉर्मवर ‘सराव’ असे लिहा, असे पूनमताई म्हणत होत्या. पण ज्याला रकाना नाही तो मजकूर फॉर्मवर लिहू नये, असे पान ४७ वर स्वच्छ छापले आहे. नाही लिहिले.

साक्षीदार लॅबबाहेरचा हवा, म्हणून समोरच्या सुपारीवाल्या हिरामणशेटना बोलावले. वाचल्याशिवाय सही करू नका, असा आग्रह मीच धरला. त्यांनी वाचले. दोनदा वाचले. मग म्हणाले, “पोरा, बारशाला तरी बोलवायचं व्हतंस!” हा सराव आहे, असे सांगितले, तर बाळाकडे बघून म्हणतात, “व्हय व्हय, बेस सराव केलास.” त्यांची लेक चौलला दिलेली आहे. पुढचे तुम्ही समजलाच असाल.

राहीचे वडील कोर्टातले निवृत्त कारकून. फाइल गोपनीय असल्यामुळे दाखवता येत नाही (पान ६१), असे मी त्यांना फोनवर सांगितले. त्याने ते जास्तच बिघडले. सुदैवाने पनवेलचा अहवाल आला, की बाळाचा पिता मी नाही. पूनमताईंची लेखी संमती घेऊन मी तो कागद चौलला नेला. त्यांनी चष्मा लावून फक्त वरचा कोपरा पाहिला. “मान्यता क्रमांक कुठाय? असले कागद मी तीस वर्षं टेबलावरून परत पाठवलेत. आधी मान्यता आणा जावईबापू, मग बोलू.” म्हणजे मान्यता येईपर्यंत चौलच्या हिशेबी मी बापच.

आणि मान्यता अडली आहे! काल परीक्षक आले. माझी फाइल उघडली आणि हातातला चहा खाली ठेवला. नमुना देणारा, घेणारा आणि त्याची ओळख पटवणारा एकच माणूस, ही म्हणे गंभीर त्रुटी. महिन्याभरात नव्या माणसांवर नवा सराव करून दाखवायचा. असे करू नये हे पुस्तिकेत कुठेच नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, “हे लिहावं लागेल, असं कुणाला वाटलं नसणार.”

आता काय करावे ते तुम्हीच सांगा.

तुमचा भाचा,
ऋत्विक

ता. क. : नव्या सरावाला खरा बाप आणि खरे मूल मिळाले तर बरे, असे डॉक्टर म्हणतात. तरी तुम्ही मामींना व मोरूला घेऊन शनिवारच्या फेरीबोटीने यावे. आधार कार्डे आणावीत. फॉर्मवर तुम्ही ‘कथित पिता’ असाल. हे मामींना बोट सुटल्यावरच सांगा.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच राहीचा फोन आला. म्हणाली, “बाबांचं राहू दे. सराव असून ‘सराव’ न लिहिणारा माणूस अख्ख्या रायगडात एकच असणार. माझा विश्वास आहे तुझ्यावर.” मला भरून आले. मी म्हटले, एवढे लिहून, खाली सही करून पाठवशील का? तिने फोन ठेवला. तीनदा लावला, उचलत नाही. मामा, शनिवारचे राहू द्या. हे पत्र मिळताच आधी तिला फोन करा.