दाजीची कवळी आणि माझं संशोधन

२ डिसेंबर
संशोधनाला आरंभ. पुण्याहून गौरजा नावाची मुलगी आली आहे, पीएचडी करते. विषय: देशोदेशींचा विनोद, समोरासमोरचा आणि मोबाईलवरचा. लॉजवाल्याने माझं नाव सुचवलं. शिवणकाम सोडल्यापासून माझं वाचन अफाट आहे, हे गावात पसरलेलं दिसतं. विमलाच्या मते, मी दिवसभर रिकामा असतो हे पसरलंय. बायकोकडे दुर्लक्ष.
मुलगी मला काका म्हणते. मनात सर म्हणत असावी.
संकल्प: स्वतःचा सिद्धांत मांडणे.

३ डिसेंबर
मांडला. मालवणी माणसाला थट्टेचा राग येत नाही.
पुरावा म्हणून दाजीला बोलावलं. माझा बालमित्र. दशावतारात संकासुर करतो: काळा झगा, उंच टोपी, लोकांची टर उडवायची आणि लोकांनी त्याची. झगा मीच शिवलेला. दारातूनच ओरडला, काय रे मेल्या, अजून जिवंत आसंस? मी म्हटलं, तुका पोचवल्याशिवाय जातंय खंय! गौरजाला भांडण वाटलं, बिचारी उठून उभी राहिली.

६ डिसेंबर
काल जत्रेत कमाल. संकासुर गडगडाटी हसला आणि दाजीची कवळी उडून थेट मृदंगावर! दाजीने ती उचलली, झग्याला पुसली आणि म्हणाला, भुतूर उकडता म्हणान वाऱ्याक इली! लोक लोळले. गौरजा लिहायची थांबून हसत होती. हे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही, पण मी बोललो नाही.

७ डिसेंबर
दाजीच्या पडवीत बसून कवळीचं गाऱ्हाणं घातलं, देवळात मानकरी घालतो तसं खड्या आवाजात. बा देवा म्हाराजा, दाजीची कवळी मृदंगार पडली, ती दाजीच्या तोंडात टिकांदे रे म्हाराजा! सगळे ओरडले, व्हय म्हाराजा! दाजीने तिथल्या तिथे उलट गाऱ्हाणं घातलं, की ह्येणी शिवलेल्या लेंग्याचो एक पाय लांब आसा, तो धुवून आटांदे रे म्हाराजा. त्याच्या लेकीने, सुगंधाने, हसताना चहा सांडला.
सिद्धांत सिद्ध.

८ डिसेंबर
आता मोबाईल विभाग. माझं गाऱ्हाणं एकट्याने बसून व्हिडिओत म्हटलं, गावच्या ग्रुपवर टाकलं. दाजीचं उलट गाऱ्हाणं वगळलं. लेंग्याचा विषय शास्त्रीय नव्हता.
गौरजा आधी म्हणाली होती, दाजीकाकांना विचारून टाका. मी हसलो. आमच्यात परवानगी विचारणं हाच अपमान.

१० डिसेंबर
यश! व्हिडिओ मुंबई, बडोदा, दुबईला पोचला. कोणीतरी जत्रेत मोबाईलवर टिपलेली उडती कवळी माझ्या गाऱ्हाण्याला जोडून दिली आहे. देशोदेशींचा विनोद म्हणतात तो हाच.
दाजी दोन दिवस फिरकला नाही. नारळ पाडायला घेतले असतील.

१३ डिसेंबर
काल देवगडकडे प्रयोग होता. मी, विमला, गौरजा गेलो. संकासुर आला. त्याने तोंड उघडण्याआधीच मागून पोरं ओरडली, कवळी! व्हय म्हाराजा! पुन्हा पुन्हा. ओळखीचं एक तोंड नाही. दाजीला एरवी उत्तर शोधावं लागत नाही. काल तो नुसता उभा राहिला. मग ओठांवर हात ठेवून पडद्यामागे गेला. दुसऱ्याने वेळ मारून नेली.
धीर द्यायला मी टाळ्या वाजवल्या. विमलाने माझा हात खाली ओढला.

१४ डिसेंबर
माझा दोष नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांचा आहे. व्हिडिओ डिलीट केला. आपल्याकडून विषय संपला.
सकाळी ११. फोंडाघाटहून मेव्हण्याने तोच व्हिडिओ मला पाठवला. खाली लिहिलंय, ह्यो बघ, हसान मरशीत.
गौरजाने हळूच विचारलं, पडवीत दाजीकाका उत्तर देऊ शकत होते, म्हणून ते हसले ना? मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं.
विमलाने ताट माझ्याकडे सरकवलं आणि आत निघून गेली.

१६ डिसेंबर
सुगंधा झगा घेऊन आली. म्हणाली, काका, बाबा आता उभे रवायचे नाय. दशावताराच्या कंपनीत नवीन मनिस येतलो, तेच्या मापाचो करून देवा. पिशवी पायरीवर ठेवली, आत आली नाही.
दाजी संकासुर सोडणार? मग दाजीत उरलं काय?
निर्णय: उद्या त्याच्या घरी जायचं. त्याला पोटभर शिव्या देऊ द्यायच्या. सगळं मोकळं होईल. आमचा दाजी असाच आहे.

१७ डिसेंबर
गेलो. कुंपणाच्या गडग्यापासूनच हाक दिली, दाजी मेल्या, भायर सर!
दाजी बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट. नमस्कार केला. या ना, बसा, म्हणाला. तहसीलदार कचेरीत बोलतात त्या मराठीत. खुर्ची स्वतः पुसली.
मी म्हटलं, दाजी, माका गाळी घाल. चुकलंय मी.
तो म्हणाला, छे छे, असं काय बोलता. आपण वडीलधारे, आपलं काय चुकणार.
हा माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा.
झगा तुझ्याच मापाचा ठेवलाय, म्हटलं. तर म्हणाला, कशाला तसदी घेतलीत.
माझी तब्येत विचारली. विमलाची विचारली. चहा बशीसकट आला. माझ्यासमोर साखरेचा डबा उघडून दाजीने विचारलं, आपल्याला साखर किती चालते?