डुक्कर आधीच कापलं

चि. लोसा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. काय झालं ते सांगायचा धीरच होत नव्हता.

तू फिजीहून कळवलंस, ‘बाबा, एम.एस्सी. मिळालं!’ मी चौथी शिकलेला माणूस. मला वाटलं, पदवीच मिळाली. मोठं डुक्कर कापलं, सगळं गाव जेवायला बोलावलं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. मग तुझी आत्या उठली. आपल्या टोंगात आत्यापुढे कोण बोलणार? म्हणाली, “अरे तेविता, पोरीला नुसता प्रवेश मिळालाय! कंद लावला नाही तोच तू उपटायला बसलास!” सगळे हसले, पण हातातला तुकडा कुणी खाली ठेवला नाही.

आता रस्त्यात लोक विचारतात, “मास्तरीणबाईंची खरी मेजवानी कधी?” मला घाम फुटतो. तू पहिल्याच परीक्षेत नापास झालीस, तर चर्चच्या शाळांतल्या तुझ्यासारख्या गणिताच्या शिक्षकांच्या पुढच्या शिक्षणाची फी भरणारा तो निधी हात काढून घेईल, आणि आपल्याला ती फी झेपायची नाही. तरी खरं सांगू? मेजवानीचं मला वाईट वाटत नाही. एवढं शिकून तू आपल्याच शाळेच्या फळ्यापाशी परत येणार, यातच मी खूश आहे.

परीक्षा संपेपर्यंत हे पत्र बायबलमध्येच ठेवतो, नाहीतर काळजीने तुझी गणितं चुकायची. धाकटं डुक्कर नारळ खाऊन फुगतंय. निकाल लागला की लगेच कळव, बाळ. या खेपेला आत्याला विचारल्याशिवाय मी सुरीला हात लावणार नाही.

तुझा घायकुता बाप,
तेविता