माझ्या सहीची जर्सी

१० जानेवारी, शनिवार

सीतारामचा फोन. एके काळी आम्ही एकाच संघात कबड्डी खेळायचो. अजूनही माझी बातमी आधी त्याला कळते, मग मला! "उत्तम, डोंबिवलीत खेळाडूंच्या सह्यांचं प्रदर्शन लागलंय. तुझी जर्सी आहे रे तिथे. नव्वदच्या फायनलची, सही केलेली!"

आयुष्यात मला एकानेही सही मागितलेली नाही.

११ जानेवारी

जाऊन आलो. काचेत जर्सी, त्यावर ऐटबाज सही, खाली चकचकीत स्टिकर आणि खरेपणाचं प्रमाणपत्र. विकणारा सुश्रुत नावाचा पोरगा. विचारलं, सही कधीची? "फायनल संपल्यावर मैदानातच केलीये, काका. हंड्रेड परसेंट ओरिजनल."

फायनल संपली तेव्हा मी हॉस्पिटलात होतो. उजवा हात प्लॅस्टरमध्ये!

म्हटलं, अरे, मीच तो उत्तम भोईर. त्याने कागद पुढे केला. "करून दाखवा." केली. काचेला लावून पाहिली आणि हसला. "जुळत नाही, काका. असे बरेच येतात."

म्हणजे मीच तोतया! चोराच्या उलट्या बोंबा. परत येताना माजिवड्याला घरी पोचेपर्यंत दातओठ खात होतो.

१२ जानेवारी

सीतारामकडे माझा प्लॅस्टरमधला फोटो निघाला. गुरुवारी दोघं पोलिसात जाणार. सोडत नाही त्याला! शालूला बोललो नाही. तिला यातलं काही माहीत नाही – लग्नाआधीची गोष्ट. आणि कबड्डीचा विषय काढला की घरात जांभया सुरू होतात.

१४ जानेवारी, संक्रांत

शालू दुपारी डोंबिवलीहून, बहिणीकडून आली ती फ्रेम घेऊनच. तीच जर्सी! भिशीचे सगळे पैसे घातले. "तुमच्या हातची! तेव्हा किती ऐटीत सही करायचात हो. आता बघा, मुंग्या चालल्यासारखी." हॉलमध्ये खिळा मीच ठोकला.

संध्याकाळी हळदीकुंकू. वाण राहिलं बाजूला, सगळ्या बायका जर्सीपुढे! शालूला इतकी ताठ उभी मी लग्नातही पाहिली नव्हती. शेजारच्या मालूवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या नातवाला द्या ना एक सही. अश्शीच हां!"

चष्मा सापडत नाही म्हणालो, उद्या देतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरंही वाटलं, आणि त्याचीच जास्त चीड आली.

१५ जानेवारी, गुरुवार

सीतारामला कळवलं, येत नाही. सकाळपासून कागद घेऊन फ्रेमसमोर बसलोय. आता जुळते.