दुखत नाही, सबब ठीक आहे

५ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाची रोजनिशी आजपासून. चार दिवस उशीर झाला, पण ते आखणीत गेले. यंदाचं मिशन एकच, अपील जिंकणे. मधुमेह मला वर्दीत असताना लागला. आर्मीचं म्हणणं, तो शांत ठिकाणच्या पोस्टिंगवर सापडला, सबब नोकरीचा काही संबंध नाही. त्याआधी तीन वर्षं बर्फात हा सुभेदार रंगनाथ भोईटे उभा होता, ते कोणी विचारत नाही. पैशासाठी चाललेलं नाही हे. हा आजार आमच्याकडे असताना झाला, एवढं त्यांनी कागदावर कबूल करावं.

संकल्प: साखर बंद. पहाटे पाचला उठणे. शालनशी वाद नाही.

६ जानेवारी

साडेसातला उठलो. शालनशी वाद (चहात साखर नव्हती म्हणून).

९ जानेवारी

ज्ञानदेव आला होता. माझ्याच युनिटमध्ये हवालदार क्लार्क होता, आता धायरी फाट्यावर बसून माजी सैनिकांची अपिलं लिहून देतो. म्हणाला, साहेब, पहिलं अपील पडलं, कारण रेकॉर्डमध्ये तुमची एकही तक्रार नाही. बर्फात तहानेने जीव जात होता, वजन उतरत होतं, तर डॉक्टरकडे का गेला नाहीत? मी सांगितलं, अख्ख्या नोकरीत मी एकदाही सिक रिपोर्ट केलेला नाही. अभिमानानेच सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. क्लार्क लोकांना फील्ड कळत नाही.

१७ जानेवारी

दुसऱ्या अपिलासाठी नव्याने मेडिकल बोर्ड बसणार. ६ फेब्रुवारी. यश आता दाराशी आलंय.

ज्ञानदेवने ऑर्डर दिल्यासारखं बजावलं. चप्पल घालून जा. सावकाश चाला. पाय बधिर झालेत, मुंग्या येतात, हे आपणहून सांगा. आणि वहिनींना सोबत न्या, तुम्ही सांगणार नाही ते त्या सांगतील. शालन लगेच येते म्हणाली. बायकोला घेऊन बोर्डासमोर कोण जातं? मी विषय बदलला.

१९ जानेवारी

मंडईतून येताना एक चप्पल वाटेत कुठे पडली ते समजलंच नाही. घरात शिरल्यावर शालन म्हणाली, अहो, एका पायात चप्पल नाही तुमच्या. हल्लीच्या चप्पलांना पकडच नसते. चांगल्या प्रतीची घेणे.

२६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन. सॅल्यूट असा ठोकला की चेअरमन दचकले. नंतर जिलेबी. खाल्ली, पण आवडीने नाही. बोर्डाच्या दिवशी शुगर जास्त दिसणं केसला आवश्यक आहे. पुरावा म्हणून सहा खाल्ल्या. साखर बंदचा संकल्प ७ फेब्रुवारीपासून, म्हणजे तो मोडला असं म्हणता येत नाही.

२ फेब्रुवारी

ट्रंकेतून ड्रिलचे बूट काढले. चप्पल घालून बोर्डासमोर जाणं माझ्याच्याने होणार नाही, तिथे कर्नल असतात. दुपारभर पॉलिश केलं. बूट थोडे आवळ होतात, पडून पडून आकसले असावेत. शालन म्हणाली पाय सुजलेत. तिला सगळीकडे आजार दिसतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फत्ते!

सिंहगड रोडला ट्रॅफिक होता, तरी कॅम्पात वेळेआधी हजर. शालन तयार होऊन बसली होती, तिला मुलीचा फोन येणार आहे असं सांगून निघालो. नाव पुकारल्यावर आत गेलो आणि टाचा अशा जुळवल्या की फरशी वाजली. कर्नलसाहेब खूश. म्हणाले, साहब, आजकालच्या पोरांनी तुमच्याकडून शिकावं. मग विचारलं, पायांना काही त्रास? तोंडातून आपोआप निघालं, "नहीं सर, एकदम फिट, सर."

मग डॉक्टरने बूट-मोजे काढायला लावले. एक चिमट्यासारखं लोखंडी यंत्र ठोकून अंगठ्याला लावायचा आणि थरथर जाणवते का विचारायचा. मला काहीच जाणवत नव्हतं. पण त्याने ते ठोकलं की मला दिसायचंच, मी प्रत्येक वेळी यस सर म्हणालो. एकही चुकलं नाही. आयुष्यात कुठल्या टेस्टला मी नापास झालेलो नाही.

खाली तक्रार काही नाही म्हणून सही केली. बोर्ड माझ्यावर खूश आहे.

७ फेब्रुवारी

ज्ञानदेवला फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. त्याने यंत्राचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, साहेब, तुम्ही अपील कशासाठी केलं होतं? प्रश्नाचा रोख कळला नाही. फोन ठेवला.

साखर बंद सोमवारपासून.

११ फेब्रुवारी

रोज मॉर्निंग वॉक सुरू, तेही ड्रिलच्या बुटांत. धायरीच्या रस्त्यावर लोक वळून बघतात. बूट आता पायाला मस्त बसलेत, अजिबात टोचत नाहीत.

१४ फेब्रुवारी

शालनने उजवा मोजा आणून दाखवला. रक्त होतं. बुटात हात घातला तर तळाचा एक खिळा वर आलेला. पाहिलं, तळव्याला बारीकसं भोक. दुखत अजिबात नाही. दुखत नाही, सबब ठीक आहे. हळद लावली. खिळा हातोडीने बसवला.

डॉक्टरकडे चला म्हणून शालन मागे लागली. बोर्डाने आठवड्यापूर्वी पाय तपासलेत, आणखी कोणता डॉक्टर पाहिजे?

१९ फेब्रुवारी

घरात कुठेतरी उंदीर मेलाय. सकाळपासून वास येतोय. ओट्याखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, सापळाही लावला. शालन मदत करत नाही, नुसती माझ्याकडे बघत बसते.

थोडा ताप. हवा बदलतेय.

२१ फेब्रुवारी

उंदीर सापडत नाही. मी बसतो त्याच खोलीत वास जास्त येतो. रात्री मोजा काढला. अंगठा काळा पडलाय. पॉलिशचा रंग असेल म्हणून साबणाने घासला. रंग गेला नाही.

भीती वाटली. हे कुणाला सांगायचं नाही. मोजा परत घातला आणि झोपलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

राजनंदिनी खराडीहून आली. दारात पाऊल टाकताच तिने नाकाला ओढणी लावली. उंदराचं सांगितलं तर माझ्यापुढे खाली बसली आणि काही न विचारता मोजा काढला. पोरगी एवढीशी असल्यापासून मला घाबरायची. आज घाबरली नाही. "बाबा, गाडीत बसा," एवढंच म्हणाली. बसलो.

२४ फेब्रुवारी, हॉस्पिटल

सर्जन मॅडम म्हणतात विष वर चढलंय, घोट्यावर थांबता येणार नाही. मी विचारलं, काही दुखत नसताना कापायचं कशाला? मॅडम म्हणाल्या, दुखत नव्हतं म्हणूनच इथवर आलं. नवीन मुलगी आहे, फील्डचा अनुभव नाही.

शालनने सही केली. पेन मीच तिच्याकडे सरकवलं. तापामुळे.

३ मार्च

ज्ञानदेव भेटायला आला. शहाळं घेऊन. बोर्डाचा शेरा त्याला कळलाय. दोन्ही पायांची संवेदना उत्तम, गुंतागुंत नाही, तक्रार नाही असं पेशंटने स्वतः सांगितलं. म्हणजे मी. हे अपीलही पडणार. ज्ञानदेव म्हणाला, साहेब, आता पुढचं करू, आता कोण नाही म्हणेल ते बघू. बोलताना तो चादरीकडे बघत नव्हता. चादर गुडघ्यापर्यंत वर आहे, मग एकदम सपाट होते.

६ मार्च, गुरुवार

बोर्डाला बरोबर चार आठवडे झाले. काल रात्रीपासून उजव्या पायाचा अंगठा ठणकतोय. तोच अंगठा. होता तेव्हा एक दिवस दुखला नाही, आणि आता चादरीखाली जिथे काहीच नाही तिथे असा ठणकतो की दात आवळून धरावे लागतात.

सकाळी मॅडम राउंडला आल्या. विचारलं, काका, कसं वाटतंय? मी पडल्या पडल्या अंग ताठ केलं आणि टाचा जुळवायला गेलो. डावी टाच जाऊन गादीवर आपटली.

"एकदम फिट, मॅडम."

शालन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती उठून पुढे आली. "लिहून घ्या डॉक्टर. दुखतंय त्यांना. रात्रभर रडत होते."

मॅडमनी लिहून घेतलं. मी ते खोडायला लावलं नाही.