अठ्ठेचाळीस बारा

शनिवार, १ नोव्हेंबर
झाला एकदाचा फोटो! बाबांच्या मॅटडोरचा. तरुणपणी बाबा आणि उरणचे कासिमचाचा हिच्यातून बर्फ वाहायचे. एकच फोटो उरलाय, तोही धुरकट. गाडी कुठली, भिंत कुठली, कळत नव्हतं. मी उजेड वाढवला, आकाश निळं केलं, गाडीचा पोपटी रंग परत आणला. शेवटी सॉफ्टवेअरमधलं ते ‘ठळक करा’ दाबलं आणि काय सांगू — काच चमकायला लागली, नंबर प्लेटसुद्धा वाचता येते! आधी तिथे नुसता पांढरट डाग होता.
उद्या बाबांना पंचाहत्तर पूर्ण. फ्रेम तयार आहे. स्वतःवरच खूश आहे मी आज.

रविवार, २ नोव्हेंबर
बाबांनी फ्रेम मांडीवर घेतली. डोळे भरले. मग बोट नंबर प्लेटवर गेलं आणि तिथेच थांबलं.
गेल्या वर्षी बाबा नेरूळ स्टेशनहून घरी येताना रस्ता चुकले. तेव्हापासून कुणी ‘विसरलात ना?’ म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर — “माझ्या गाडीचा नंबर अठ्ठेचाळीस बारा! विसरतोय कोण?” आणि फोटोत आहे त्रेचाळीस बारा.
माझा धाकटा भाऊ निशांत हसत म्हणाला, बाबा, ढळढळीत दिसतंय की. बाबा म्हणाले, “फोटोत आहे म्हणजे असेल. मीच विसरलो.”
मला माहीत होतं ना! हे सॉफ्टवेअर नसलेलं मनाने घालतं. मागे भाचीच्या, मनस्वीच्या फोटोत त्याने सहावं बोट काढलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सगळे कौतुक करत होते, ‘अबोली, काय हात आहे तुझा!’ आणि मी मिटक्या मारत केक खात बसले. लाज वाटते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
निशांत करंजाड्याहून मुद्दाम आला आणि स्कूटरची किल्ली घेऊन गेला. “ताई, हा नंबर विसरले म्हणजे राहिलं काय? त्या उरणच्या रस्त्यावर कंटेनर कसे धावतात, पाहिलंयस?” बाबा भांडतील वाटलं होतं. खिशातून किल्ली काढून दिली, बस. दर रविवारी स्कूटरवरून चाचांकडे जायचं, हा एकच तर शौक होता माणसाचा.
मी म्हटलं, चाचांना फोन करून नंबर विचारू या. तर बाबांनी माझा हात धरला. “नको. कासिमला कळता कामा नये.”
आणि मी तेव्हाही गप्प! दातखीळ बसली होती का माझी?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
बाबांनी आज वार विचारला. थोड्या वेळाने परत विचारला. पूर्वी तेच मला सांगायचे.

रविवार, ९ नोव्हेंबर
चाचांना फोनवर सांगितलं, गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत आहे. बाबा खोटं बोलले. माझ्यामुळे.

सोमवार, १० नोव्हेंबर
सांगून टाकलं! लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला, प्लेट मोठी करून दाखवली. बघा, आकडाच नाहीये इथे, नुसता डाग. तीन सॉफ्टवेअरने मनाने घातला. तुम्हीच बरोबर होता.
बाबा चष्मा लावून स्क्रीनजवळ वाकले.
“म्हणजे अठ्ठेचाळीस बारा?”
“अठ्ठेचाळीस बारा, बाबा.”
मला रडू फुटलं. ते रागावले नाहीत. वेडी कुठली, म्हणाले, आणि चहा मागितला. दोन चमचे साखर घालून! संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून नंबराची गोष्ट सांगितली. माझा गाढवपणा तिखटमीठ लावून सांगितला. सांगू देत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
निशांतशी कडाक्याचं भांडण. त्याचं म्हणणं, नंबर बरोबर आला म्हणून रस्ता आठवेल असं थोडंच आहे? मी म्हटलं, तू माझ्या चुकीची शिक्षा त्यांना देतोयस. किल्ली घेऊनच आले.
फोटोतल्या तीनचा आठ केला. फ्रेमही नवी घेतली.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी
बाबा निघाले! इस्त्रीचा शर्ट, स्कूटरला पुढे पिशवीत चाचांसाठी दुरुस्त केलेला फोटो. गेटवरून वॉचमनलाही ओरडून नंबर सांगितला. किती दिवसांनी छाती मोकळी झाली माझी.

तोच दिवस, दुपारी
चाचांचा मेसेज आला. फोटो पाठवलाय — गंजलेली नंबर प्लेट. मॅटडोर भंगारात गेली तेव्हा काढून ठेवली होती म्हणे, इतकी वर्षं खुराड्याच्या दाराला ठोकलेली. नात नूरीनने आज घासून पुसली. सुधीरला, म्हणजे बाबांना, दाखवायची आहे.
त्रेचाळीस बारा.
मी परत परत वाचलं. तीनच आहे. त्या डागात तो होताच.
बाबांचा फोन वाजतोय, उचलत नाहीत. निशांतला बोलावलं, तो गाडी घेऊन खाली आलाय, मी जाते.
मेसेजच्या शेवटी चाचांनी विचारलंय, “सुधीर अजून आला नाय. निघालाय ना?”